वादळाचा ठिपका बघू नका, पट्टा बघा

३ जून २०२० च्या संध्याकाळी मुंबईत लोक एकमेकांना फोनवर सांगत होते, वाचलो, काही झालं नाही. त्याच संध्याकाळी श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागातल्या माणसांना फोन लागतच नव्हता. विजेचे खांब आडवे झाले होते, मोबाइलचे टॉवर बंद पडले होते आणि रस्त्यांवर झाडं पडल्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायची सोय राहिली नव्हती. निसर्ग चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या पोफळी आणि माड काही तासांत लोळले.

नंतर मुंबईत लोक म्हणू लागले की अंदाज चुकला. दक्षिण रायगडात आणि दापोलीत काही जण म्हणाले की वादळ इकडे येणार हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. या दोन्ही बोलण्यांची मला काळजी वाटते, कारण पुढच्या वादळात माणसं कशी वागतील ते यांवरच ठरणार आहे. म्हणून हे लिहितो आहे, किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणि ज्यांचं घर किनाऱ्यावर आहे पण जे राहतात मुंबई-पुण्यात, त्यांच्यासाठीही.

हवामान खात्याचं सांगणं काय होतं? वादळ हरिहरेश्वर ते दमण या दरम्यान, अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडेल. यातलं अलिबाग लोकांच्या लक्षात राहिलं. वाहिन्यांनी त्यात मुंबई मोठ्या अक्षरांत आणली. आणि 'हरिहरेश्वर ते दमण' हे सगळ्यात कामाचे शब्द कुणी मनावर घेतले नाहीत. वादळ आलं ते हरिहरेश्वरच्या बाजूलाच, म्हणजे सांगितलेल्या पट्ट्याच्या आत, त्याच्या दक्षिण टोकाजवळ.

चोवीस तास आधी दिलेल्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा अलीकडच्या वर्षांत सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास हुकते. तीन दिवस आधीच्या अंदाजात हा फरक दुपटीच्या घरात जातो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो याहून बराच मोठा होता. आता नकाशा पुढे घ्या. अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे आज अलिबागवर दिसणारा ठिपका उद्या दुपारी श्रीवर्धनवर असू शकतो आणि तरीही तो अंदाज चांगलाच म्हणायचा. आपलं गाव ठिपक्यापासून किती लांब आहे हे मोजत बसू नका. आपलं गाव पट्ट्यात आहे का एवढंच बघा. असेल, तर वादळ आपल्याच गावावर येणार असं धरून कामाला लागा.

आणखी एक गोष्ट शाळेत शिकवायला हवी होती, पण शिकवली जात नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ ज्या दिशेने चाललेलं असतं, त्या दिशेकडे तोंड करून उभं राहिलं तर त्याच्या उजव्या हाताचा भाग जास्त मार खातो. तिथे वादळाचा स्वतःचा फिरता वारा आणि त्याची पुढची चाल एकमेकांत मिळतात. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं. त्याचा उजवा हात दक्षिणेला, म्हणजे मंडणगड-दापोलीकडे आला. तिथे वारा समुद्राकडून जमिनीवर आदळत होता. मुंबई डाव्या हाताला राहिली. वादळ रायगडला लागणार एवढंच ऐकून रत्नागिरीच्या उत्तर भागातला माणूस निश्चिंत झाला असेल, तर त्याने नेमकी उलटी गोष्ट केली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे जाणारं वादळ वर कुठेतरी लागणार असं म्हटलं, की त्याच्या दक्षिणेच्या गावांनी जास्त सावध व्हायचं. हे लक्षात ठेवायला नकाशासुद्धा लागत नाही.

ठिपक्याकडे बघून फसणारे फक्त आपणच आहोत असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये इयान नावाचं वादळ आलं. आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यांचे डोळे टॅम्पा शहरावर होते. प्रत्यक्षात ते बऱ्याच दक्षिणेला, फोर्ट मायर्सच्या बाजूला आदळलं. तो भागही अंदाजाच्या पट्ट्यात होताच, पण कडेला होता. तिथे घरं सोडण्याचा आदेश उशिरा निघाला आणि समुद्राचं पाणी घरांत शिरून माणसं बुडाली. उपग्रह, विमानं, पैसा सगळं असलेल्या देशात हे घडलं. साधनं कमी पडली नव्हती. कडेला असणं म्हणजे सुटणं, असं माणसांनी धरलं होतं.

आता उलटी बाजू. जून २०१९ मध्ये वायू चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकेल असा अंदाज होता. गुजरातने सुमारे तीन लाख माणसं हलवली. वादळ किनाऱ्याच्या जवळ आलं आणि पश्चिमेकडे वळून समुद्रातच राहिलं. माणसं घरी परतली. अशा वेळी गावात जे बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे: उगाच घाबरवलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली, पुढच्या वेळी कोण जातो. पोटात फार दुखतं म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली आणि काही निघालं नाही, तर आपण डॉक्टरांना खोटं ठरवत नाही, सुटलो म्हणतो. वादळाच्या बाबतीत मात्र हुकलेल्या इशाऱ्याचा राग आपण वर्षानुवर्षं धरून ठेवतो. मला हा राग समजतो. हातावर पोट असलेल्या माणसाचे दोन दिवस जाणं ही खरीच किंमत आहे आणि ती कुणीतरी भरून द्यायला हवी. पण तो राग मनात धरून तुम्ही पुढच्या इशाऱ्याला घरी थांबलात, तर तुम्ही दोन दिवसांची मजुरी आणि घरातल्या माणसांचा जीव एकाच तराजूत घातलेत.

इशारा ऐकूनही माणसं घर का सोडत नाहीत? सरकारी बैठकांत याचं उत्तर ठरलेलं असतं, लोकांमध्ये जागृती नाही. मला हे पटत नाही. लोकांचा अंदाजावर विश्वास असतो, तरी ते हलत नाहीत, कारण गोठ्यात म्हैस असते. अंथरुणाला खिळलेली सासू असते. घर उघडं टाकून गेलो तर भांडीकुंडी राहतील का ही धास्ती असते. शाळेत नेऊन बसवतात तिथे बायकांना संडासाला कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. ही सगळी खरी कारणं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, फक्त तो वादळाच्या आदल्या रात्री सुचून उपयोगाचा नसतो.

ओडिशाचं उदाहरण याच कारणासाठी बघायचं. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर मे २०१९ मध्ये फनी वादळ पुरीजवळ आदळलं, तेही फार जोराचं होतं. त्या वेळी सुमारे बारा लाख माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत अंदाज सुधारले हे खरंच, पण तेवढ्याने हे झालं नाही. किनाऱ्यावर जमिनीपासून उंच खांबांवर निवारे बांधले गेले. एरवी त्यांत शाळा भरते, सभा होतात, म्हणजे ती इमारत लोकांच्या ओळखीची असते. कुणी कुठे जायचं हे ठरलेलं असतं. दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच दवाखान्यात हलवतात. इशारा द्यायला ओळखीचा माणूस दारात येतो. बांगलादेशातही असंच आहे. १९७० च्या वादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली, आणि त्यानंतर गावोगावच्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. ते भोंगा घेऊन फिरतात, धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवतात. झेंडे बघून माणसं घराबाहेर पडतात, कारण चढवणारा त्यांच्याच पाड्यातला असतो. आपल्याकडे पोलीस पाटील आहे, आशा सेविका आहे, बचत गट आहेत, गणपतीत रात्ररात्र राबणारी मंडळाची पोरं आहेत. माणसं आहेतच. कुणी कुणाच्या दारात जायचं, एवढं ठरवायचं बाकी आहे.

अंदाज कसा वाचावा, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

वादळ येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच मोबाइलवर रंगीत नकाशे फिरू लागतात. लाल-जांभळा भोवरा थेट मुंबईवर आलेला दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, सगळ्यांना पाठवा. हे एखाद्या संगणकीय गणिताचं त्या दिवशीचं उत्तर असतं. उद्या तेच गणित भोवरा ओमानकडे दाखवतं. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ दहा-बारा दिवस अरबी समुद्रात रेंगाळलं आणि शेवटी १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ लागलं. सुरुवातीच्या दिवसांत ते कुठे जाईल याची वेगवेगळी उत्तरं येत होती. इतक्या आधीच्या नकाशावरून घ्यायचा निर्णय एकच, की आता रोज अधिकृत माहिती बघत जायची. कुणाला पुढे पाठवायचं नाही. वादळ तयार झालं की हवामान खातं दर तीन तासांनी नवीन पत्रक काढतं. म्हणून कुठलाही इशारा वाचताना आधी त्याची तारीख आणि वेळ बघा. सकाळचं पत्रक संध्याकाळी पुढे ढकलणारा माणूस हेतूने चांगला असला तरी शिळी बातमी वाटतो.

रंगांचा अर्थ पाठ करा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी पूर्ण करा, लाल म्हणजे आता ठरल्याप्रमाणे कृती करा. लाल दिसल्यावर ठरवायला बसायचं नाही, ठरलेलं तोवर झालेलं असायला हवं. आणि वादळाला नाव पडण्याची वाट तर मुळीच बघू नका. निसर्गला नाव मिळालं २ जूनच्या दुपारी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते किनाऱ्यावर होतं. आपल्या किनाऱ्याच्या जवळ तयार होणारं वादळ एवढीच सवड देतं. समुद्रात तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आहे असं कळलं की घड्याळ सुरू झालं असं समजा.

वाऱ्याच्या आकड्याचाही अर्थ नीट लावा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी साठ किलोमीटरचा वारा आपण दर पावसाळ्यात बघतो, तेव्हा एकशेवीस म्हणजे त्याच्या दुप्पट त्रास असं मनात येतं. तो चारपट असतो. वादळ कुठे जाईल हे आता बऱ्यापैकी सांगता येतं, पण ते किती जोर धरेल हे सांगणं अजून अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को शहरावर ओटिस वादळ आलं. साध्या वादळाचं ते एका दिवसात सर्वोच्च श्रेणीचं झालं आणि शहराला सावरायला वेळच मिळाला नाही. म्हणून पत्रकात जी श्रेणी दिली असेल त्याच्या एक पायरी वरची तयारी ठेवा.

आणि पाणी. वादळाबरोबर समुद्राची पातळी चढते. ती भरतीच्या वेळी चढली तर खाडीकाठच्या वस्तीत शिरते, ओहोटीला चढली तर तेवढ्याच वादळाचं पाणी किनाऱ्यावर थोपतं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ही रीत मुलांना शिकवा. वादळाची वेळ आणि भरतीची वेळ जवळजवळ येत असेल, त्यातून पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असेल, तर खाडीकाठी राहणाऱ्यांनी आदल्या दिवशीच उंचावर जावं. जुन्या जाणत्यांना वाऱ्याच्या वळणावरून, लाटांच्या आवाजावरून बरंच कळतं, आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण ती खूण काही तास आधी मिळते. म्हातारी माणसं आणि गुरं हलवायला दिवस लागतो. 'आमच्या आयुष्यात इथे असं वादळ आलं नाही' हे वाक्य मात्र बाजूला ठेवा. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ लागल्याचं दिसत नव्हतं. तरी निसर्ग आलं.

वारा एकदम पडला, आभाळ उजळलं, तर दार उघडून बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावर असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, आणि आधीच खिळखिळं झालेलं छप्पर तेव्हा उडतं.

समुद्रावर जाणाऱ्यांशी बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण समुद्र ते माझ्याहून जास्त ओळखतात. तरी सांगतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी बोटी खोल समुद्रात होत्या आणि बरेच खलाशी परतले नाहीत. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी वाऱ्याबरोबर वर येत देवगड बंदरात पोचल्या आणि माणसं वाचली. जवळचं बंदर कुणाचंही असो, ते आपलंच समजून आत शिरायचं. घरच्या बंदराचा हट्ट धरायचा नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की 'अजून तीनच आहे' असं म्हणू नये. तो तुमच्या बंदरासाठीच लावलेला असतो. एका खेपेचं डिझेल आणि बर्फ फुकट जाईल म्हणून तांडेलावर दबाव आणणाऱ्या बोटमालकाला मी हात जोडून सांगतो, परत फिरण्याचा निर्णय तांडेलाचा असू द्या आणि त्या खेपेचा तोटा त्याच्या हिश्श्यातून कापू नका. तौक्ते वादळाचं केंद्र १७ मे २०२१ ला महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलंच नाही, ते समुद्रातून वर जाऊन गुजरातमध्ये उन्याजवळ चढलं. तरी त्या दिवशी मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाचे झोत आले आणि बॉम्बे हायच्या परिसरात पी-३०५ हा माणसं राहणारा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. आणि बिपरजॉय तर शेकडो किलोमीटर लांब होतं तेव्हा, १२ जून २०२३ ला, जुहूच्या समुद्रात चार मुलं लाटांनी ओढून नेली. लाटा बघायला जाऊ नका. मुलांना जाऊ देऊ नका. वादळ कुठे 'लागणार' या प्रश्नाचा पाण्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला काही उपयोग नसतो.

मला जास्त बोलायचं आहे ते वादळ गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल. निसर्गमध्ये माणसं मोजकीच गेली, ती हलवल्यामुळे वाचली. पण जगलेल्यांचे पुढचे महिने फार हालाचे गेले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून तुडुंब विहीर दारात असून पाणी नाही. घरोघरच्या विहिरींवरचे रहाट आपण काढून टाकले होते. माझी कळकळीची विनंती आहे, निदान वाडीतल्या एका विहिरीवर रहाट आणि दोर पुन्हा बसवा. मोबाइल बंद, एटीएम बंद, त्यात करोनाची टाळेबंदी. पत्रे आणि ताडपत्र्यांसाठी वणवण, आणि पाऊस तोंडावर. तेव्हा पंधरा दिवस विजेशिवाय काढायचे आहेत असं धरून मे महिन्यात घराकडे बघा. रक्तदाब, साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या हाताशी असू द्या. घरात इन्सुलिन असेल तर ते ओल्या माठात ठेवून सांभाळता येतं. कुणाला डायलिसिस लागत असेल किंवा श्वासासाठी यंत्र लागत असेल, तर त्या माणसाला इशारा नारिंगी असतानाच शहरातल्या नातेवाइकांकडे पोचवा. थोडे रोख पैसे घरात ठेवा. छपराचे पत्रे सगळ्यात आधी कडेने, पागोळ्यांच्या बाजूने उचलले जातात, तिथले हुक आणि पट्ट्या गवंड्याकडून किंवा सुताराकडून तपासून घ्या. घरावर आणि तारांवर आलेल्या फांद्या आत्ताच उतरवा.

वारा थांबल्यावरही माणसं मरतात. पडलेल्या तारेला हात लावून, ओल्या छपरावर चढून, अडकलेलं झाड एकट्याने कापताना, बंद खोलीत जनरेटर लावून त्याच्या धुराने. घाई करू नका. तार पडलेली दिसली तर ती जिवंत आहे असंच धरा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि समुद्रातल्या अडचणीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली की त्यात साठवलेला क्रमांक सापडत नाही.

मग येतो पंचनामा. निसर्गनंतर फळबागांसाठी मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केला गेला. ऐकायला तो बरा वाटतो. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला या दराने पाचेक हजार रुपये येतात. त्या दहा गुंठ्यांत माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरी, कडेला जायफळ असं चार पिढ्यांचं उत्पन्न उभं असतं, आणि नवीन लावलेली पोफळ किंवा माड हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात. कोकणातल्या बागेची मोजणी झाडावर व्हायला हवी, ही मागणी लोकांनी लावून धरली ते बरोबरच होतं. पुढच्या वेळी ती मागणी वादळानंतर करायला लागू नये. त्यासाठी आपल्या बाजूने एक काम होण्यासारखं आहे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते बघा. अनेकांच्या सातबाऱ्यावर नुसतं गवत किंवा पड लिहिलेलं असतं आणि जमिनीवर दोनशे पोफळी उभ्या असतात. ई-पीक पाहणीत नोंद करा, जमत नसेल तर गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला सोबत घ्या. घराचे, गोठ्याचे, बागेचे फोटो आजच काढून लांब राहणाऱ्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. वादळ गेल्यावर आधी फोटो, मग साफसफाई. पण तलाठी येईपर्यंत छप्पर उघडं ठेवू नका, फोटो काढून लगेच झाका.

१ मेच्या ग्रामसभेत हे विषय मांडा, लेखी मांडा. आपल्या गावात मजबूत इमारत कोणती, तिथे संडास आणि पाणी आहे का, गुरं कुठे बांधायची, रिकाम्या घरांवर नजर कोण ठेवणार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी कुणाकडे आहे, रस्ता मोकळा करायला करवत आणि डिझेल कुणाकडे मिळेल. सरपंचांना हे प्रश्न अडचणीचे वाटणार नाहीत, उलट विचारले गेले तर त्यांनाही वरच्या कार्यालयात जोर लावता येतो. किती घरं हलली, किती वेळात हलली आणि इशारा आल्यापासून प्रत्यक्ष वारा सुटेपर्यंत किती तास मिळाले, याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवा. दोन-तीन वादळांनंतर ती वही तुमच्या गावापुरती हवामान खात्याच्या कुठल्याही नकाशाएवढी मोलाची होईल, कारण अमुक वेगाचा वारा सांगितला की आपल्या खाडीत पाणी कुठवर येतं हे फक्त तीच सांगू शकेल.

मुंबईकर चाकरमान्यांनी निसर्गनंतर गावाकडे पत्रे, ताडपत्र्या, मेणबत्त्या, धान्य पाठवलं. गाव ते विसरलेलं नाही. पण त्याच वेळी कितीतरी घरांची नुकसानभरपाई अडकली, कारण सातबाऱ्यावर दहा-बारा वारसांची नावं होती आणि संमतीपत्रावर सह्या करायला माणसं मुंबई, सुरत, बडोद्याला होती. गावात राहून घर सांभाळणारा चुलत भाऊ किंवा काकी तेवढ्यासाठी तहसील कचेरीच्या फेऱ्या मारत राहिली. मे महिन्यात आंबे खायला सगळे गावी जमता. त्या चार दिवसांत एक सकाळ काढा. मदतीचे पैसे कुणाच्या खात्यात यावेत यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, संमतीपत्र तयार करा, सह्या करा आणि त्याची एक प्रत गावात राहणाऱ्या माणसाच्या हाती देऊन मगच परतीच्या गाडीत बसा.